मीठ लावलेला बर्फ

आमच्या घरी बर्फ होता, पण थंड पेय नव्हतं. हे मी एकदा मुंबईच्या वर्गमित्रांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांना वाटलं, मी बोलताना काहीतरी उलटंसुलटं केलं. पण ते तसंच होतं. मुरुडच्या उत्तरेला, समुद्राला लागून आमची कोळ्यांची वस्ती. मुंबईहून माशांची लाँच यायची ती गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या घेऊन, आणि जायची ती त्याच बर्फात पापलेट, सुरमई, कोळंबी रचून. बर्फ माशांचा होता. एखाद्या पोराने तुकडा उचलून तोंडात घातला तर मोठी माणसं ओरडत, कारण त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा, वास असायचा, आणि मुख्य म्हणजे तेवढा बर्फ माशाला कमी पडणार. घरात पाणी माठातलं, चहा कढत, पेज कढत. गार जेवण म्हणजे शिळं जेवण, असं आय म्हणायची.

आय म्हणजे माझी आई. ती मासे विकायची. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघायची, आणि नारळाच्या वाड्यांतून जाताना तिची हाक वाडीच्या पार टोकाला ऐकू जायची. वडील मी लहान असतानाच गेले. होडी दादाने, म्हणजे मोठ्या भावाने, सांभाळली. मला मात्र आयने शाळेतून काढलं नाही, आणि शाळा संपल्यावर मुंबईला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. या सगळ्याबद्दल कसं लिहावं हे मला अजून नीट समजत नाही, तेव्हा झालं तसं सांगतो.

मी इंटर सायन्सला होतो त्या वर्षी आयच्या गळ्यात गाठ आली. आधी हाक फुटेनाशी झाली. ती नुसती पाटी घेऊन दारात उभी राहायची आणि लोकांनी आपणहून बघावं अशी वाट बघायची. मग गिळताना दुखू लागलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला विजेचे शेक दिले. शेक संपले तेव्हा डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, कारण हा कॉलेजात शिकतो असं दादाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मला निम्मंच कळलं, पण मी मान हलवत राहिलो. बाहेर आल्यावर दादाने विचारलं, “काय बोलला?”

मी त्याला सांगितलं ते असं. शेकांनी घसा आतून भाजलाय. गाठ पुरती गेलेली नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा शेक देता येतील, पण तोवर अंगात ताकद टिकली तरच. ताकद टिकायची तर पोटात अन्न गेलं पाहिजे. काहीही चालेल, दूध, पेज, शहाळ्याचं पाणी, पण गेलं पाहिजे.

“म्हंजी नारळी पुनवेपावेतो आयला जेवाया घालाचं,” दादा म्हणाला. “येवढंच ना?”

येवढंच होतं. पण हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांत तिच्या घशाखाली चमचाभर पाणीही उतरत नव्हतं. घोट घेतला की ती डोळे मिटून घ्यायची, आणि मग तो ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचा.

एस.टी.चे धक्के तिला सोसणार नव्हते म्हणून आम्ही तिला माशांच्या लाँचवरून घरी आणलं. परतीला लाँचवर बर्फाशिवाय काही नसतं. आय लाद्यांना पाठ टेकून बसली, तिथे गार होतं म्हणून. एका लादीचा कोपरा फुटून कपच्या पडल्या होत्या. तिने बोटाने दाखवलं.

दादा म्हणाला, “आये, बर्फ?”

“दे रं,” ती कुजबुजली. तिचा आवाज तेव्हा तेवढाच उरला होता.

तिने कपची तोंडात धरली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग पाण्याची बाटली मागितली आणि तीन-चार घोट प्याली. डोळे मिटले नाहीत. मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. सुकाणूवरचा म्हातारा खलाशी हे बघत होता. तो म्हणाला, “जाताना बर्फात म्हावरं ऱ्हातं, येताना ही बया.”

आय म्हणाली, “मी बी म्हावरंच हाय. पर इकायला न्हाय.”

त्या दिवशी लाँचवर आम्ही हसलो होतो.

घरी आल्यावर खरी अडचण समजली. मुरुडच्या डॉक्टरांनी वेदनेसाठी पुड्या दिल्या होत्या. पुडी घेतल्यावर काही वेळाने दुखणं जरा मागे सरायचं, पण नेमकं कधी, ते तिलाही सांगता येत नसे. अचानक ती हात उचलून म्हणायची, “आता.” त्या आताचा अवधी फार थोडा. दादाच्या हिशोबात एक बिडी ओढून होईल एवढा. तेवढ्यात जे गार हाती असेल ते जाई. त्यानंतर काही जात नसे, पुढच्या आतापर्यंत. आणि दिवसातून असे आता दोन, फार तर तीन यायचे.

कोणी म्हणेल, आधीच गार करून ठेवायचं. ठेवत होतो. वैशाखाच्या उन्हात दूध फाटायचं. शहाळं जाळीत घालून विहिरीत सोडलं तर गार व्हायचं, पण विहिरीचं गार तिला पुरत नव्हतं. बर्फाइतकं गार लागायचं, म्हणजे घसा बधिर व्हायचा आणि घोट सुटायचा. दिवसभर काहीतरी बर्फात पुरून ठेवावं एवढा बर्फ आमच्याकडे नव्हता. लाँच चार-पाच दिवसांनी यायची आणि दादाला वस्तीतल्या सगळ्या होड्यांच्या वाटणीतून थोडा मागून आणावा लागायचा. माणसं देत होती. पण त्यांचाही मासा होता.

मग जे सुचेल ते करून पाहिलं. ओलं फडकं गुंडाळलेली बाटली समुद्राकडच्या खिडकीत टांगली. तासाभराने काच गार लागे, आतलं दूध कोमटच. बर्फ सरळ दुधात टाकला, तर दुधाला माशाचा वास लागला आणि तिने ते ओकून टाकलं. ओकताना घशातून रक्त आलं. तेव्हापासून बर्फ दुधातही नाही आणि तोंडातही नाही, बाहेरूनच गार करायचं, असं ठरलं. पेला बर्फाच्या तुकड्यांत बुडवून ठेवला, तर तो गार होईपर्यंत तिचा आता निघून जायचा. मी पेला घेऊन जायचो आणि ती मान हलवायची. दोष न देता हलवायची. तेच मला फार लागायचं. ते गार झालेलं दूध मग वहिनी, म्हणजे दादाची बायको, उचलून न्यायची. ते कोणी प्यायचं नाही. एकदा तिने ते मांजराला घातलं, आणि दादा दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

अशाच एका दुपारी मला कॉलेजातला एक तास आठवला. प्रयोगशाळेत फोडलेल्या बर्फात मीठ मिसळून दाखवलं होतं. पारा शून्याच्या खाली उतरत गेला, आणि त्यात बुडवलेल्या नळीतलं पाणी बघता बघता गोठलं. तेव्हा मी ते पाठ केलं, परीक्षेसाठी. माझा जन्मच मीठ आणि बर्फ यांच्यामध्ये गेलेला, पण या दोघांना मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. त्याला कारण होतं. आमच्याकडे ताज्या मासळीचं काम पुरुषांचं, त्यात बर्फ. सुक्या मासळीचं काम बायकांचं, त्यात मीठ. मिठाचा हात बर्फाला लागू द्यायचा नाही, हे लाँचवर पाऊल ठेवण्याआधी शिकवतात.

मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “मीठ? कालेजात गेलास आनि येवढं इसरलास? मीठ लागलं का बर्फ पळतो.”

“पळू दे. पळताना तो शेजारची ऊब घेऊन पळतो. पेल्यातली.”

“कुठं नेतो?” चुलीजवळून वहिनीने विचारलं.

सुप्त उष्णता हा शब्द मला इंग्रजीत येत होता, आणि तोही फक्त लिहिण्यापुरता. मी म्हटलं, “बघा तरी एकदा.”

टोपात बर्फ बारीक फोडून घातला, खड्या मिठाची मूठ टाकली आणि ढवळलं. काचेचा पेला नको म्हटलं, पत्रा पातळ असलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला घेतला. त्यात दूध ओतून तो बर्फात धरला आणि दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखा फिरवू लागलो. दादाने मुद्दाम बिडी पेटवली. टोपाच्या बाहेरच्या बाजूला आधी दव आलं, मग ते पांढरं झालं. वहिनीने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“चटका बसला,” ती म्हणाली. “विस्तवासारखा.”

दादाची बिडी अर्धी झाली होती. दुधात बोट घातलं तर ते दुखलं. त्याच संध्याकाळी आयचा आता आला तेव्हा आम्ही तयार होतो. बिडी अर्धी जळायच्या आत पेला तिच्या ओठांना लागला आणि उरलेल्या अर्ध्या बिडीत ती निम्मा पेला प्याली. मग श्वास घेतला. मग उरलेला.

“पोराला मुंबईला धाडला,” ती दादाला म्हणाली, “तर तिथं मीठ लावाया शिकवतात. मी घरीच शिकवलं असतं.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. किती ते मी मोजले नाहीत. फिरवण्याचं काम लवकरच वहिनीने माझ्या हातून काढून घेतलं, कारण तिचा हात माझ्यापेक्षा चालायचा. जन्मभर मासे खारवलेली बाई, मूठ मारली की मीठ सगळीकडे सारखं पडायचं. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि बर्फात मीठ पडलं की तोंडावर पदर धरायच्या, जसं काही आम्ही देवाचं काही मोडतो आहोत. आय दूध घेऊ लागली, पातळ पेज गार करून घेऊ लागली. एकदा ती भिंतीला धरून ओट्यावर येऊन बसली आणि रस्त्याने जाणाऱ्या एका कोळणीला खुणेने थांबवून तिच्या पाटीतली मासळी बघितली. बोटाने एक बोंबील दाबला आणि तोंड वाकडं केलं. ती कोळीण म्हणाली, “मरायला टेकलीस तरी खोड जात न्हाय गो तुजी.” आय खूश झाली. तिच्याशी असं बरेच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

मी मनात नारळी पौर्णिमेपर्यंतचं अंतर बघत होतो. पण मध्ये काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ज्येष्ठ लागला की होड्या ओढून वर घेतात, नारळाच्या झापांनी शाकारतात. लाँच बंद होते. मग थेट नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर कोणी जात नाही, आणि बर्फही येत नाही. आमच्या बाजूला बर्फाचा कारखाना तेव्हा नव्हता.

शेवटच्या लाँचच्या दिवशी दादाने कोणाकडे वाटणी मागितली नाही. सरळ खलाशाला म्हणाला, एक सबंध लादी उतरव. होड्या वर आल्या होत्या, मासळी नव्हती, तरी लादी उतरली. वस्तीतल्या चौघांनी ती खांद्यावरून आणली. एवढा बर्फ आमच्या घरात कधी आला नव्हता. मी ती अंधाऱ्या खोलीत ठेवायला सांगितली, भुशात पुरून, वर गोणपाट आणि घोंगड्या. लागेल तेवढाच तुकडा फोडायचा, पुन्हा झाकायचं. अशाने चार दिवस जातील, कदाचित पाच. त्यापुढचा विचार मी केला नव्हता. तो करण्यासारखा नव्हताच.

त्याच दुपारी आयच्या पुड्या संपत आल्या म्हणून मी मुरुडला गेलो. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, ते दिवेलागणीला आले. शेवटची एस.टी. गेली होती. मी दवाखान्याच्या ओट्यावर निजलो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी पोचलो.

दारातच वहिनी भेटली. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत पाहिला नव्हता असा आनंद होता.

“भावजी, सकाळधरनं तीनदा प्याली. आता म्हनायच्या आधी पेला तयार. फिरवायला बी लागत न्हाय, नुसता बुडवाचा.”

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. लादी जिथे ठेवली होती तिथे ओला भुसा पसरला होता. शेजारी मासे खारवायचं मोठं लाकडी पिंप उभं होतं. बाहेरून त्याला पांढरा थर चढला होता, भिंतीला पोपडे यावेत तसा. तिने झाकण काढलं. आत खाऱ्या पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. एवढ्या लादीचे एवढेच तुकडे.

“सगळी लादी फोडली,” ती सांगत होती. “खाली मिठाचा थर, वर बर्फाचा, परत मिठाचा. सुक्याचं करतो तसं. घरातलं होतं नव्हतं तेवढं मीठ घातलं. मूठभर मिठानं येवढं गार होतं, तर पिंपभर मिठानं पुनवेपावेतो ऱ्हाईल ना.”

मला ते एका क्षणात कळलं. तिला कसं सुचलं तेही कळलं. आमच्या घरात पावसाळ्यासाठी जे जे टिकवायचं, त्याला मीठ लावतात. बोंबील, कोळंबी, कैऱ्या, चिंच. टिकवणं म्हणजे खारवणं. दुसरी रीत तिने पाहिलीच नव्हती. मी तिला मीठ घालायला सांगितलं होतं, आणि मीठ घातल्यावर बर्फ टिकत नाही हे दादाने माझ्यासमोर सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, पळू दे. पुढे त्याचा विषयच निघाला नाही, कारण रोजचा टोपातला बर्फ काम झालं की ओतून टाकायचाच असे.

दादा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने पिंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बर्फाचं काम त्याचं, त्यामुळे त्याला संशय आला होता. पण सकाळपासून आयला पिताना तो बघत होता, आणि त्याला तो संशय नको होता.

“हे असंच ऱ्हाईल ना?” त्याने विचारलं.

“आज राहील,” मी म्हणालो.

तो वळला. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसला. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हळूहळू जाताना मी पाहिलं. मी उरलेले तुकडे हाताने काढले, गोड्या पाण्याने धुतले, भुशात गुंडाळले. हात बधिर झाले होते. ते तुकडे संध्याकाळपर्यंत संपले.

पण त्या दिवशी पिंपातलं पाणी इतकं गार होतं की त्यात बुडवलेल्या कशालाही वेळ लागत नव्हता. आयला यातलं काही सांगितलं नाही. पेला तिच्या ओठांना लागेपर्यंत दूध कडेने गोठू लागायचं. त्या दिवशी तिला आता पुष्कळ आले. किंवा असं असेल, की गार लगेच मिळतंय म्हटल्यावर तीच तो मागू लागली. दूध संपलं, शहाळ्याचं पाणी झालं, पेज झाली. दुपारी तिने कोकमाचं सरबत मागितलं. आजारपणात आंबट देऊ नका असं सांगितलं होतं, पण वहिनीने करून दिलं आणि आय ते सगळं प्याली. ओठ लाल झाले. “बस रं जरा,” ती मला म्हणाली. मी बसलो. तिने माझा हात धरला. तो बर्फाने गार होता, म्हणून तिने तो गळ्यावर ठेवून घेतला, आणि बरं वाटतं अशी मान हलवली. दादा एकदाही आत आला नाही. तो ओट्यावर एकामागून एक बिड्या ओढत होता आणि त्यावर आता काही मोजायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपात पाणी होतं. नुसतं खारं पाणी, विहिरीच्या पाण्याइतकं गार.

दादा कोणाला न विचारता अलिबागला गेला. तिथे सरबतवाल्यांकडे बर्फ मिळतो असं कोणीतरी सांगितलं होतं. साळावपर्यंत एस.टी., मग तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, रेवदंड्याची खाडी, मग पुन्हा एस.टी. त्याने मिळेल तेवढा बर्फ घेतला, भुशात बांधला. परत येताना कंडक्टर म्हणाला, गोणीतून पाणी गळतंय, माणसांच्या अंगावर जातंय, टपावर ठेवा. टपावर ऊन होतं. मग खाडीच्या काठावर तरीला यायला उशीर झाला. संध्याकाळी तो घरी आला आणि गोणपाट ओट्यावर उलगडलं, तर आत भुशाचा चिखल आणि नारळाएवढा तुकडा होता. वहिनीने तो उचलला आणि मीठ आणायला वळली. मग थांबली. घरात मीठ नव्हतं. आणि दिवेलागण झाल्यावर शेजारची कोणी बाई मीठ देत नाही, तशी आमच्याकडे रीत आहे. तरी ती गेली. पहिल्याच घरातून तिला वाटीभर मीठ मिळालं. त्या बाईने रीत मोडली. त्या तुकड्यावर एक पेला झाला. आयने त्यातला निम्मा घेतला.

दादा पुन्हा जायला निघाला तेव्हा आयने त्याला हाताने थांबवलं. “नको,” म्हणाली. “त्या एस.टी.त धक्के खाऊन काय आणशील? भुसा?”

त्यानंतरचं लांबवत नाही. आम्ही शहाळी विहिरीत सोडत होतो. चमचा चमचा घालत होतो. ती प्रयत्न करायची, आमच्यासाठी. पाऊस लागला, हवा गार झाली, माठातलं पाणी गार झालं, पण तिला हवं तेवढं गार काही झालं नाही. शेवटी शेवटी तिने ओठ उघडणंही सोडलं. आषाढाच्या सुरुवातीला ती गेली. तेव्हा तिच्या अंगात इतकं थोडं उरलं होतं, की उचलताना दादाने मागच्या माणसांना सांगितलं, हळू, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हळू म्हणायचंही कारण नाही.

कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. जायच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर सामान बांधत होतो तेव्हा वहिनी येऊन समोर बसली. इतक्या दिवसांत तिने तो विषय काढला नव्हता, आणि दादाने तिला एका शब्दाने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटतं, बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“भावजी,” ती म्हणाली, “मी मीठ लावलं नसतं तर तो बर्फ किती दिस गेला असता?”

“चार दिवस,” मी म्हणालो. “फार तर पाच. दर्या बंदच होता वयनी. चार दिवसांनी तेच झालं असतं.”

“चार दिसांत आय किती प्याली असती?”

मी याचा विचार आधी केला होता. कितीदा केला होता. मी म्हणालो, “रोज दोन-तीन पेले. त्या एका दिवशी ती त्याहून जास्त प्याली. चार दिवसांचं ती एका दिवसात प्याली. कोकम सरबत प्याली ती तुमच्यामुळे.”

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “पन एका दिसाचं प्यालेलं आंगाला लागतं का, चार दिसांच्यासारखं? तुमच्या कालेजात काय शिकवतात?”

“लागतं,” मी म्हणालो.

“खरं?”

“खरं.”

ती उठली. पदराने ओट्यावरची माझ्या पायाजवळची माती झाडली. “तुमी शिकलेले,” ती म्हणाली, “तुमी म्हनाल ते आमी मानायचं,” आणि आत गेली.

ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. आमच्या वर्गात ते कधी शिकवलं नव्हतं. इथे मुंबईला परत आल्यावर विचारता आलं असतं, विचारण्यासारखी माणसं इथे आहेत. मी अजून कोणाला विचारलेलं नाही.